वळण कापणारी करवत

दिवाळी उलटून थंडी पडायला लागली की माझं नाक माझ्याआधी दिग्रसला जाऊन पोचतं. यवतमाळला येऊन आता कितीतरी वर्षं झाली. घरासमोरून कापूस जातो तो बैलबंड्यांतून नाही, ताडपत्री बांधलेल्या ट्रकांतून. पण रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकायला लागले की मला सरकीच्या तेलाचा वास येतो. म्हणजे खरा येत नाही, तरी येतो. त्याच्या मागोमाग तापलेल्या पोलादाचा वास, आणि मग एक आवाज. पट्ट्याची करवत लोखंडातून हळूहळू पुढे सरकते तेव्हाचा. लाकूड कापताना करवत किंचाळते. लोखंड कापताना, तिला नीट चालवलं तर, ती जात्यासारखी घरघरते.

हंगाम म्हटलं की इकडच्या माणसाला पीक आठवतं, भाव आठवतो. मला एक यंत्र आठवतं, आणि ते निवडायला माझ्याबरोबर गावोगाव हिंडलेली माझी बायको.

महाराष्ट्र नुकता झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. मी दिग्रसच्या एका जिनिंग फॅक्टरीत काट्यावर कारकून होतो. हंगामात फाटकाबाहेर बंड्यांची रांग लागायची. बैल बसून रवंथ करायचे, गाडीवान बंडीखाली तीन दगड मांडून भाकरी थापायचे. आत जिनांची घरघर दिवसभर चालायची आणि संध्याकाळी मी घरी यायचो तो पापण्यांवर, भुवयांवर, कानांतल्या केसांवर रुईची लव घेऊन. सुमन, माझी बायको, दारातच मला थांबवायची आणि पदराने माझं तोंड झटकायची. "आता वळखू आले," म्हणायची.

त्या वर्षी मात्र ती दारात येत नव्हती.

पावसाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मुकुटबनला गेली होती. मुलगी झाली. चिठ्ठी आली तेव्हा मी पेढे घेतले आणि निघालो, पण वाटेतल्या नदीला पूर होता आणि मोटार अलीकडेच अडकून पडली. पाणी उतरून मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. पोरीने अंगावर पिणं सोडलं होतं, जबडा घट्ट मिटला होता, अंग धनुकलीसारखं ताणायचं, असं सासूबाईंनी मला सांगितलं. बाराव्या दिवसाच्या आतच ती गेली. मी तिला पाहिलंच नाही. ती कुणासारखी दिसत होती, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

दिग्रसला परत आल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुमनला तपासलं आणि हकिकत विचारली. हा धनुर्वात, असं ते म्हणाले. नाळ विळ्याने कापली असेल, विळा शेतातला, मातीतला, त्यातून होतं. ते सरळ मनाने बोलले. मुकुटबनची सुईणही सरळच होती. तिने आयुष्यभर त्याच विळ्याने नाळा कापल्या होत्या आणि पोर गेल्यावर ती सुमनहून जास्त रडली होती. दोष कुणाला द्यावा असं माणूसच नव्हतं. कदाचित म्हणूनच सुमन बोलायची थांबली. स्वयंपाक करायची, पाणी भरायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. एकदा मी पाहिलं, ती भाजी चिरायला बसली होती, भाजी तशीच पडली होती आणि ती विळीच्या पात्याकडे पाहत होती.

सुमनचे वडील वणीकडच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. मुलगा नव्हता, म्हणून हत्यारं हातात द्यायचं काम लहानपणापासून हिच्याकडे. कानस कोणती, पाना कितीचा, हे तिला अक्षरं यायच्या आधी कळत होतं. ते वारले तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी तिने मागून घेतली होती. आमच्या घरी ती पेटी खाटेखाली होती, आणि नवी नवरी कानशी घेऊन आली म्हणून शेजारपाजारच्या बाया हसल्या होत्या.

कार्तिकातल्या एका रविवारी मी बाजारातून आलो तर ती पेटी मागच्या पडवीत उघडी. सुमनने लाकडी ठोकळ्यावर एक पोलादी पट्टी दाबून धरली होती आणि हातकरवतीने ती कापत होती. पट्टी आमच्याच फॅक्टरीतली. कापसातून सरकी वेगळी करायला जिनमध्ये पोलादी पात असते; ती झिजली की भंगारात जाते. मीच कधीतरी दाराला अडसर म्हणून एक आणून ठेवली होती. मी विचारलं, काय करून राहिलीस. ती म्हणाली, "सुरी." एवढंच. पण किती दिवसांनी तिने न विचारता हातात काही घेतलं होतं. मी पिशवी ठेवली आणि पट्टीचं दुसरं टोक धरून बसलो.

आमच्या नादाची सुरुवात अशी झाली. तिचा नाद खरं तर. माझं काम टोक धरायचं. फॅक्टरीच्या भट्टीत पट्टी लाल करायची आणि राखेत पुरून ठेवायची, म्हणजे पोलाद मऊ येतं. मग खडूने आकार काढायचा, कापायचा, कानशीने घासायचा. पुन्हा लाल करून सरकीच्या तेलात बुडवायचा. तेल भसकन् पेटायचं, विझायचं, आणि पडवीभर असा वास सुटायचा की शेजारच्या घरातून कुणीतरी विचारायचं, भजी का. शेवटी निखाऱ्यांवर धरून गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढेपर्यंत वाट पाहायची. तो रंग आला की सुमनचा चेहरा बदलायचा. सागाची मूठ बसवायची आणि झाली सुरी. पहिली वाकडी झाली. दुसरी बरी झाली. तिसरीने तिने संत्रं असं सोललं की साल शेवटपर्यंत तुटली नाही, आणि ती साल तिने खुंटीला टांगून ठेवली.

सगळा हिवाळा असा गेला. मी काट्यावरून यायचो, चहा व्हायचा, आणि उजेड असेपर्यंत आम्ही पडवीत. काही विकायचं नव्हतं. कुणाला एक दिली, कुणाला एक. आता वाटतं, दोघांनी मिळून रडायचं राहून गेलं होतं, त्याऐवजी आम्ही लोखंड कापत होतो. तेव्हा असलं काही सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की करवत चालू असताना ती बोलते. "इकडं ओढा," म्हणते, "हलू देऊ नका," म्हणते. ते मला पुरत होतं.

जमनाबाई आमच्याकडे लाकडाची मोळी घेऊन यायची. गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथली. हातभर बांगड्या, आरशांची काचोळी, आणि चालणं असं की ओझं डोक्यावर आहे हे तिलाच माहीत नसावं. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई, सुमनही म्हणायची. तिच्या आज्याच्या काळात हे लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे; आता तिच्या मुलाची तिथेच शेती होती, कापूस-तूर होती. आमच्या पडवीत बसून ती पाणी प्यायली, एक सुरी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली की माझ्या सुनेला होळीच्या पुढेमागे दिवस भरतील, तिच्या बाळंतविड्यात अशी एक दे, डिंक फोडायला बरी.

सुमनने विचारलं, बाळंतपण कोण करणार.

"कोन म्हंजे? मीच. तांड्यातले सारे लेकरं माह्या हातचे हायेत."

"नाळ कायनं कापता, याडी?"

जमनाबाई हसली. "विळ्यानं. अजून कायनं?"

सुमन उठून आत गेली. जमनाबाईला काही कळलं नाही. मी तिला बोलण्यात गुंतवलं, मोळीचे पैसे दिले आणि वाटेला लावलं. सुमन त्या दिवशी पडवीत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, संपलं. पुन्हा ती आपल्या गप्पपणाच्या विहिरीत उतरली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आलो तर तिने एका पट्टीवर खडूने काहीतरी काढून ठेवलं होतं. बोटभर लांबीचं बाकदार पातं, आणि त्याच पोलादाची पुढे वळत गेलेली मूठ, शेवटी अंगठा अडकेल असं एक कडं. लाकूड नाही, खिळा नाही, सांधा नाही.

"उकळता आलं पायजे," ती म्हणाली. "सांधा असला का घान बसते. अन् हात वले असतात, निसटू नये म्हून कडं."

दुसऱ्या दिवशी ती पट्टी घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. ते म्हणाले, दाढीचं नवं पातं उकळून घेतलं तरी काम होतं. सुमन म्हणाली की ते ओल्या बोटांत धरवत नाही, आणि एकदा चुलीपाशी चहाची पुडी फोडायला वापरलं की ते कुठे जातं कळत नाही. नाळेचं हत्यार नाळेचंच असलं पाहिजे, दुसऱ्या कशाला वापरावंसं वाटणार नाही असं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, मग करा. दर वेळी उकळायचं, धुतलेल्या फडक्यात ठेवायचं, एवढं सुइणींना बजावून सांगा.

पण करायचं कसं? हातकरवत सरळ जाते. वळण तिला ठाऊक नाही. सुमनने आकाराच्या कडेने छिद्रामागून छिद्र पाडलं, छिद्रांमधलं पोलाद छिन्नीने तोडलं आणि उरलेले दाते कानशीने घासायला घेतले. कड्याच्या आतली बाजू अर्धीही झाली नव्हती तोच तिचं मनगट सुजलं. लोटा उचलता येईना. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सांगितलं की हे घासणं आता बंद. नस दुखावली आहे, पुन्हा तेच केलंत तर हात कायमचा अधू होईल.

घरी येताना ती हाताच्या पट्टीकडे पाहत चालली होती. मी मात्र घाबरलो. हाताची काळजी होतीच. पण करवत थांबली तर ती पुन्हा गप्प होईल, ही भीती मोठी होती. त्या वाटेवरच मी म्हणालो, "मशीन पाहू. लोखंड कापाची."

ती थांबली. "मी पायीन मशीन. चालवनार मी हाय."

मग आमची खरी हिंडफीर सुरू झाली. आधी आमच्याच फॅक्टरीतले मिस्त्री, शेख. वयस्क माणूस, मेंदी लावलेली दाढी, सुमनच्या वडिलांना ओळखणारे. त्यांच्या वर्कशॉपात एक जुनी यांत्रिक हॅक्सॉ पडून होती, मालक द्यायला तयार होता. ते म्हणाले, "भाभी, यापेक्षा इमानदार मशीन नाही. लावून द्या आणि चाय प्यायला जा. गाडीचा आख पण कापते." आणि त्यांनी चालवून दाखवली. मोठी करवत पुढे-मागे, पुढे-मागे, बैलाने मोट ओढावी तशी. मला आवडली. मजबूत होती, घराजवळची होती. सुमनने तिच्याभोवती चक्कर मारली, दात पाहिले आणि विचारलं, "मिस्त्री, हे वळते काय?"

मिस्त्री म्हणाले, वळायचं कशाला, ती सरळ कापते हेच तिचं काम. सुमन म्हणाली, सरळ तर मीही कापते. मिस्त्रींनी दाढी कुरवाळली. वळण कापायचं तर पट्ट्याची करवत पाहिजे, ते म्हणाले. दोन चाकं, वर एक, खाली एक, आणि त्यांवर फिरणारा पोलादाचा अखंड पट्टा, त्याला दात. पट्टा अरुंद असला की पुढ्यातला माल हवा तसा फिरवता येतो. बँडसॉ म्हणतात त्याला. पण ती लाकडाची असते, ते म्हणाले. लोखंडाची इथे कुणी पाहिली?

एस.टी.ने आम्ही यवतमाळला आलो. तिथल्या एका यंत्रांच्या दुकानात लोखंड कापणारी पट्ट्याची करवत खरंच होती. हिरव्या रंगाची, नवी कोरी, तेलाच्या कागदात गुंडाळलेली. माझे डोळे तिच्यावरच लागले. माणसाला एखादी वस्तू निवडायची असते तेव्हा ती बहुधा रंगावरूनच निवडून झालेली असते, बाकीचे प्रश्न आपण नंतर मनाच्या समाधानासाठी विचारतो. सुमन तशी नव्हती. तिने विचारलं, वीज कोणती लागते. दुकानदार म्हणाला, कारखान्याची, तीन फेजची. आमच्या गल्लीत तर नुकते कुठे दिवे आले होते. शिवाय ती करवत आडवी. माल शिकंज्यात पकडायचा आणि करवत वरून खाली येणार. म्हणजे पुन्हा सरळच. हातांनी माल फिरवायला तिच्यापुढे टेबलच नव्हतं. सुमनने त्या हिरव्या रंगावरून एकदा हात फिरवला, दुकानदाराला नमस्कार केला आणि बाहेर आली. माझा चेहरा पाहून म्हणाली, "दिसाले चांगली होती. आपल्या कामाची नोती."

त्या दुकानदारानेच सांगितलं होतं की लोहाऱ्याला एका सुताराचं वर्कशॉप बंद होत आहे, तिथे पाहा. लोहारा तेव्हा शहराबाहेर होतं. आम्ही टांग्याने गेलो. उन्हात फुफाट्याचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी. टिनाच्या शेडमध्ये विनायकराव म्हणून वयस्क गृहस्थ एकटेच बसले होते. शाळांची बाकं, दारं-खिडक्या करण्यात जन्म गेला होता. आता नजर गेली म्हणून आवरत होते. शेडच्या कोपऱ्यात भुशाने माखलेली एक उभी, लहान पट्ट्याची करवत होती. पुढे चौकोनी टेबल, वर-खाली दोन चाकं, मागे घरच्या दिव्यांच्या विजेवर चालणारी लहानशी मोटर. रंग नावालासुद्धा उरला नव्हता.

सुमनने पदर खोचला. वरचं चाक हाताने फिरवलं आणि कान लावला. चाकावरची रबराची पट्टी नखाने दाबून पाहिली. पट्ट्याला मागून आधार देणारी छोटी चाकं हलतात का ते पाहिलं. विनायकराव तिच्याकडे पाहत नव्हते, ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, बाईंना काय कापायचं आहे. मी म्हटलं, लोखंड. ते उठूनच उभे राहिले. म्हणाले, ही लाकडाच्या वेगाने पळते, लोखंड लावलंत तर पट्ट्याचे दात जळून जातील, तुटून उडतील. आपला उजवा अंगठा त्यांनी पुढे केला. त्याला टोक नव्हतं. "हे लाकडानं केलं. लोखंडाचं मले सांगू नका."

सुमन म्हणाली की वेग कमी करता येईल. मध्ये एक दांडा आणि दोन-तीन मोठ्या पुल्या टाकल्या की करवत बैलाच्या चालीने चालेल. पट्टा बारीक दातांचा घेऊ, पट्टीच्या जाडीत निदान तीन दात बसतील असा, म्हणजे दात अडकणार नाहीत. तिच्या वडिलांनी जिनवर असंच केलं होतं. विनायकरावांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "पन कायले, बाई? एवढा खटाटोप कायले?"

मला वाटलं, ती सुऱ्यांचं सांगेल. नादाचं सांगेल.

"मले पोरगी झालती," सुमन म्हणाली. "पावसाळ्यात गेली. नाळ विळ्यानं कापली होती."

तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. मलासुद्धा तिने कधी म्हटलं नव्हतं. शेडच्या टिनावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. मग तिने खडूने काढलेली ती पट्टी पिशवीतून काढली आणि विनायकरावांच्या हातात दिली. त्यांना रेघा दिसत नव्हत्या. सुमनने त्यांचं बोट धरून आकारावरून फिरवलं. इथं पातं, इथं मूठ, इथं कडं.

त्यांनी पट्टी परत दिली. "घेऊन जा," म्हणाले. "पन एक करा. माल बोटानं ढकलू नका. लाकडाचा तुकडा लावा मागून. नेहमी." त्या दुपारभर त्यांनी सुमनला त्या यंत्राच्या खोडी सांगितल्या: पट्टा ताणायचा किती, सैल झाल्याचं आवाजावरून कसं कळतं, तो चाकावरून उतरायला लागला तर आधी काय करायचं. मी टांगेवाल्याशी बोलत बाहेर उभा राहिलो, कारण माझे डोळे भरले होते.

करवत मालट्रकने दिग्रसला आली. शेख मिस्त्रींनी भंगारातल्या पुल्या शोधून मधला दांडा बसवला. नागपूरहून बारीक दातांचा पट्टा मागवला, आणि मापाला तोडून पितळाने जोडून दिला. मिस्त्री आधी हसत होते. सांधा घासून गुळगुळीत करताना हसायचे थांबले.

पहिल्या दिवशी पट्टा तुटला. घाई माझी होती. पट्टी राखेत पुरेशी थंड झाली नव्हती, कुठेतरी कडक राहिली होती. दात एकामागून एक सोलले गेले आणि पट्टा फटकन् बाहेर आला. कुणाला लागलं नाही. सुमनने यंत्र बंद केलं, तुटलेला पट्टा उचलून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "होळी जवळ आली म्हून लोखंड लवकर नरम होत नाई." मग दुसरी पट्टी लाल करून तिने स्वतः राखेत पुरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला हात लावू दिला नाही.

आणि मग ती करवत चालली. घर्र, घर्र, जात्यासारखी. सुमनच्या डाव्या हाताला अजून पट्टी होती. उजव्याने आणि एका सागाच्या ठोकळ्याने ती पोलाद पुढे सारत होती, इतकं हळू की सरकतंय हेच कळू नये. खडूची रेघ वळली तशी पट्टी वळली. बाहेरचं वळण गेलं, पात्याचा बाक गेला. कड्याच्या बाहेरून करवत गोल फिरून आली तेव्हा तिने श्वास सोडला. आतला गोल ड्रिलने आणि थोड्या कानशीने झाला. तेवढं घासायचं काम तिने मला दिलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा कानस नीट धरता आली.

त्या हंगामात आम्ही अशी काही पाती केली. एक मुकुटबनच्या त्या सुईणीसाठी गेलं; सुमनने ते आईच्या हाती पाठवलं, आणि म्हातारीने ते कपाळाला लावून घेतलं, असं सासूबाई म्हणाल्या. एक डॉक्टरांनी ठेवून घेतलं. पहिलं मात्र जमनाबाईचं. सुमन स्वतः तांड्यावर गेली, चूल पेटवायला लावली, पातं उकळून दाखवलं, पुन्हा उकळून दाखवलं. जमनाबाई म्हणाली, "समजलं बाई, म्या काय लहान हाव?" तरी सुमनने तिच्याकडून एकदा करवून घेतलं.

होळी झाली. जिनं थंडावली. बंड्यांची रांग आटली, फॅक्टरीच्या आवारात वाऱ्याबरोबर रुईचे गोळे इकडून तिकडे लोळायला लागले. तांड्यावरून काही निरोप नाही. सुमन विचारत नव्हती, पण मोळी घेऊन कुणी आलं की हातातलं काम ठेवायची. एक दिवस जमनाबाईचा मुलगा आला. पोरगी झाली, म्हणाला. तुमचंच हत्यार वापरलं. त्या दिवसापासून सुमनने दिवस मोजायला घेतले असावेत, कारण त्यानंतर ती पुन्हा गप्प झाली. या गप्प बसण्याला मी ओळखत होतो. मीही मोजत होतो. कोणत्या दिवशी जबडा मिटतो, कोणत्या दिवसापर्यंत भीती असते. आम्ही एकमेकांना ते सांगितलं नाही.

मग जमनाबाई स्वतः आली. मोळी नव्हती, डोक्यावर नवी ओढणी होती. उद्या पोरीचं नाव ठेवायचं आहे, म्हणाली. पोरगी दणकून दूध पिते, रात्रभर रडून तांडा जागवते. तुम्ही दोघांनी यायचंच.

बंडी पाठवली होती तिने. तांड्यावर पळसाच्या फुलांचा लाल रंग अजून जमिनीवर होता. बाया गोल बसून लांब सुरात गात होत्या. जमनाबाईने पोरगी आणली आणि काही न विचारता सुमनच्या मांडीवर ठेवली. सुमनचे हात आधी हवेतच राहिले. मग तिने पोरीच्या अंगावरचं फडकं जरा बाजूला केलं आणि बेंबी पाहिली. कोरडी, स्वच्छ, मिटलेली. तिने फडकं पुन्हा नीट लपेटलं, आणि मग तिला छातीशी धरलं.

"नाव तूच ठेव," जमनाबाई म्हणाली. "तुह्या हातानं वाचली."

मला वाटलं, सुमन नाही म्हणेल. तिने पोरीच्या कानाशी तोंड नेलं, काहीतरी म्हटलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रेवती."

बायांनी ते नाव उचललं, आपल्या बोलीत घोळवलं, गाण्यात ओवलं. मला ते नाव नवं होतं. आमच्या दोन्ही घरांत त्या नावाचं कुणी नव्हतं. परतताना बंडी पऱ्हाटीच्या खुंटांमधून हिंदकळत चालली होती, सुमन बैलांकडे पाहत बसली होती. मी विचारलं की हे नाव तुला आत्ता सुचलं का.

"नाई," ती म्हणाली. "सातव्या महिन्यात ठरवलं होतं. बारशाले सांगीन म्हटलं. तुमाले सांगाचं राहून गेल्तं."

आमच्या पोरीचं बारसं झालंच नव्हतं. तिला नाव आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. बंडीच्या चाकांचा आवाज मोठा होता. त्याच्या आडोशाने मी ते नाव एकदा हळूच म्हटलं, मग जरा मोठ्याने म्हटलं. सुमनने ऐकलं. तिने माझा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.